लाल पेटीचा कौल

३ जानेवारी १९३५, गुरुवार.
गेल्या शिमग्यात पालखी माझं दार ओलांडून आधी अंबाजीच्या दारी गेली. सगळ्या गावादेखत. तेव्हापासून त्याच्याशी बोलणं बंद. आज कळलं, स्वारी तालुका लोकल बोर्डाला उभी राहतेय. मग मीही राहणार. बोर्ड गेलं खड्ड्यात, मला भर म्हसळ्यात त्याचं नाक कापायचं आहे. उद्यापासून रोज पहाटे पाचला प्रचार.

४ जानेवारी, सकाळी साडेनऊ.
आत्ता उठलो. बायकोने हाक मारली नाही. नीराबाईला राजकारणाची काडीची जाण नाही.

८ जानेवारी.
कचेरीत जाऊन आलो. मकसूदमियाँ अव्वल कारकून, मतदान तेच घेणार. त्यांनी सांगितलं की पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळ्या रंगाची पेटी असणार. माझी लाल, त्याची पिवळी. मतदाराने शिक्क्याचा कागद घेऊन एकट्याने आत जायचं आणि हव्या त्या पेटीत टाकायचा. कोणी कोणाला दिलं, ते कोणालाच कळायचं नाही.
अंबाजी इथेच लबाडी करणार! रात्रभर विचार केला. म्हणजे जेवण होईपर्यंत.

९ जानेवारी.
मामलेदारसाहेबांना चार पानी अर्ज. पॉइंट पहिला: मतदान संपेपर्यंत पडद्याआड मतदाराखेरीज कोणीही डोकावू नये, खुद्द अधिकाऱ्यानेही नाही. पॉइंट दुसरा: पेटीबाहेर सापडलेला कागद बाद, मग तो कोणाचाही असो आणि उमेदवार कितीही रडो. अंबाजीला रडताना डोळ्यांसमोर आणून हे शेवटचं लिहिलं. फार बरं वाटलं.

१२ जानेवारी.
दोन्ही पॉइंट मंजूर! मेला आता अंबाजी.

१३ जानेवारी, रविवार.
डोंगराकडच्या वाडीत सभा घेतली. माणसं साधी, मतदान म्हणजे काय ते ठाऊक नाही. म्हटलं, अरे, देवाला कौल लावता ना? तसंच हे. लाल पेटीला कौल लावायचा, झालं. सगळे एका सुरात म्हणाले, व्हय, समजला. पाच मिनिटांत काम फत्ते. हाडाचा मास्तर आहे मी, पेन्शनीत गेलो म्हणून काय झालं!

१६ जानेवारी.
अंबाजी घरोघर बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन हिंडतोय म्हणे. झाकणाला चीर पाडलीय आणि लोकांकडून त्यात फणसाची पानं टाकून घेतो. पोरखेळ! हसून हसून ठसका लागला.

२१ जानेवारी, सोमवार. मतदान.
सकाळी रिकाम्या पेट्या दाखवल्या. मी दोन्हींत हात घालून पाहिलं, पिवळीत दोनदा. मग लाखेची सीलं. माझी वाडी झाडून सगळी आली. जो तो बाहेर येताना हात जोडत होता. मला वाटलं, मलाच. मधे मकसूदमियाँ एकदा पडद्याकडे निघाले, तर मी त्यांना पॉइंट पहिला वाचून दाखवला. ते परत खाली बसले.

संध्याकाळी.
पडदा काढला. लाल पेटी दिसतच नव्हती. चारी बाजूंनी कागद, पाण्याचं बोट लावून नीट चिकटवलेले, देवाच्या अंगावर कौलाच्या पाकळ्या लावतात तसे. वर हळद, तांदूळ, जास्वंद. चव्वेचाळीस कागद मोजले. शेवटी आत गेलेला म्हातारा बाबाजी तर अजून उकिडवा बसून होता, उजवा कागद पडून देवाचा होकार मिळेपर्यंत हलणार नाही म्हणाला. मकसूदमियाँनी मला पॉइंट दुसरा वाचून दाखवला, आवाज न चढवता. मी रडलो नाही. डोळ्यांत हळद गेली होती.
अंबाजी एकतीस. मी दोन.

२२ जानेवारी.
हे चव्वेचाळीस धरले असते तर मीच निवडून आलो असतो! वरपर्यंत अर्ज करीन. पण अर्जात लिहू काय? रूल माझाच.
दोनातलं एक मत माझं. दुसरं कोणाचं? एवढ्या गावात एक तरी शहाणा, निष्ठावंत माणूस निघाला. त्याला चार लोकांत शेला द्यायचा. माणगावहून मागवला.

२७ जानेवारी, रविवार.
शेला आला. माणूस सापडेना. विचारावं तो म्हणतो, मीन चिकटवला.
दुपारी अंबाजी दारात उभा. मी पेपर तोंडापुढे धरला. तो ओटीवर टेकला नि म्हणाला, "मास्तर, तुमच्या पेटीतला दुसरा मत माझा हाय. पालखीचा राग धरू नका. भोई वाट चुकलं होतं."
नीराबाईने आतून शेला आणून माझ्या हातात दिला. मी तो अंबाजीच्या खांद्यावर घातला. लाज वाटली, खोटं कशाला लिहू. मी मत कोणाला दिलं, ते त्याने विचारलंसुद्धा नाही.