मुंग्यांची रांगोळी

कुंभकोणम, मंगळवार

तीर्थरूप बाबा,

गायत्रीचा नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे?

मधू घरी बसून काय शिकते, असं तुम्ही विचारलंत. आयुष्यभर शाळेत शिकवलंत, तेव्हा काळजी वाटणारच. पण जूनमध्येही मी तिला शाळेत घालणार नाही.

तुम्ही पाठवलेलं कीटकांचं पुस्तक वाचून ती दारातल्या रांगोळीपाशी मुंग्यांची वाट बघत बसली. एकही आली नाही. इथे रांगोळी तांदळाच्या पिठाची काढतात, पण ती टिकावी म्हणून मीच दगडाची भुकटी आणली होती. शेजारच्या जयलक्ष्मी मामी आपल्यासारख्याच मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथल्या. त्या म्हणाल्या, "हे मुंग्यांचं जेवण असतं गं. दगड कोण खाईल?" मधूने ती पुसून तांदळाच्या पिठाची नवी काढली. आता तिच्या वहीची तीन पानं मुंग्यांनी भरली आहेत. पक्ष्यांचंही एखादं पुस्तक पाठवा.

शाळेची बस रोज दारावरून जाते. मधू तिच्याकडे बघत राहायची, हे तुम्हाला कधी लिहिलं नाही. आज बस आली तेव्हा ती मुंग्या मोजत होती, तिने मान वर केली नाही.

मी मात्र केली.

तुमची,
गायत्री