खुणेच्या कागदाची दुसरी बाजू

प्रिय धाकट्या,

जो उभे राहण्याचे बळ देतो आणि वेळ आली की बसवतोही, त्या दयाघनाला वंदन करून लिहावयास घेते.

परवा फोनवर तू डॉक्टरांकडची हकिगत सांगितलीस. गुडघ्यातली गादी झिजली आहे. तुझे वीजजोडणीचे शिडीवरचे काम झेपेल की सोडावे लागेल, हे ते तीन महिन्यांनी ठरवणार. मी नुसते ‘बरं’ म्हणाले. ताईला ऐकू येईनासे झाले, असे तुला वाटले असेल. ऐकू आले होते. आत काही हलले नाही, इतकेच. गुडघ्याच्या त्या जुन्या शस्त्रक्रियेनंतर तुझ्या व्रणाशेजारी तळहाताएवढी जागा बधिर राहिली होती. तिला चिमटे काढून तू म्हणायचास, ‘इथे कुणी टोचून बोललं तरी लागत नाही.’ सध्या मी सगळीच तशी झाले आहे.

चेंडू अडवताना तू पडलास, गुडघ्यातल्या तुटलेल्या अस्थिबंधाच्या, लिगामेंटच्या, जागी नवा बसवला, त्याला सव्वीस वर्षे झाली. आईमागे तुला मीच वाढवले, तेव्हा व्यायाम मोजायलाही मीच बसायचे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि रुग्णालयातल्या व्यायामाच्या बाईंनी दिलेला सहा महिन्यांच्या व्यायामांचा कागद माझ्या हाती. सहा महिन्यांनी तू शिडी चढून शेजाऱ्यांचा दिवा लावलास. मी तो कागद प्रसाद मानून पोथीत खुणेला ठेवला. नित्यपाठाबरोबर तो पोथीभर किती वेळा फिरला, त्याची गणती नाही.

डॉक्टरांनी व्यायाम का सोडले म्हणून विचारले, तेव्हा तू सांगितलेस, सहा महिन्यांचेच होते. आणि मला विचारलेस, “कागदात तेवढंच होतं ना गं, ताई?”

फोन ठेवून पोथी उघडली. कागद प्रथमच उलटला. मागे बाईंच्या हातचे लिहिलेले: मांडीचे बळ राखणे, वजन आटोक्यात ठेवणे, सूज आल्यास दाखवणे. खाली रेघ ओढून, ‘हे आयुष्यभर.’ झीज तरीही झाली असती, असे डॉक्टर म्हणाल्याचे तू सांगितलेस; असेलही. जन्मभर ग्रंथांचे अन्वय लावणाऱ्या मला एक कागद उलटून पाहणे सुचले नाही, हे मात्र खरे. तो कागद सोबत पाठवते आहे. डॉक्टरांना दाखवून लगेच आरंभ कर. रविवारी मी येते, मोजायला. हे पत्र ज्याच्या दृष्टीस पडेल, त्याला पान उलटण्याची बुद्धी वेळेवर होवो आणि त्याची पावले अखेरपर्यंत त्याला वाहोत.

तुझीच,
ताई