साबण कसा झालाय ते कळव

२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी आता बरा आहे. फोन टाळतोय याचा राग मानू नकोस. बोलताना अजून धाप लागते, लिहिताना लागत नाही. ज्या आजाराने बाबांना नेलं त्याने मला परत पाठवलं. घरात बसून त्याचाच विचार येतो, म्हणून बाबांचा साबणाचा कारखाना पुन्हा उघडला.

सगळं जग हात धुतंय, त्यामुळे कधी नव्हती एवढी मागणी आहे. लोकांच्या संकटावर आपली चूल पेटतेय, हे गिळायला जड जातं. पण सगळे कामगार परत आले, त्यांचीही पेटली, अशी मनाची समजूत घालतो.

इस्पितळाच्या मुख्य सिस्टर वर्षभराचा साबण आपल्याकडून घेणार आहेत, नमुना पसंत पडला तर. ही ऑर्डर मिळाली तर कुणाला घरी बसवावं लागणार नाही. सोबत वडी पाठवतोय. वास कसा झालाय ते कळव. सगळ्यात नाक खुपसायची तुला पहिल्यापासून हौस, यंदा मीच आमंत्रण देतोय.

भावोजींना नमस्कार. उत्तराला उशीर नको.

तुझा,
बारक्या

९ जुलै

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वडीने घर डोक्यावर घेतलं. तुझे भावोजी विचारत होते, कपाटात लिंबाचं झाड लावलंय का. अरे, तेल दोनदा ओतलंस की काय? आजारी माणसाच्या उशाशी हा साबण ठेवला तर तो अंथरुणातून उठून पळेल.

प्रत्येक घाण्याची पहिली वडी बाबा सकाळी उपाशीपोटी हुंगत, आणि तूही त्यांच्यावरच गेलास. दुसऱ्या कुणी मत दिलं की तुझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. तोच तू मला विचारतोस याचं नवल वाटलं.

असो. मीही घरी बाबांच्या पद्धतीने गुलाबाचा साबण केलाय. वडी पाठवतेय. गुलाब कमी की जास्त ते स्पष्ट लिही. ओझी उचलू नकोस.

माया आहेच, तू मात्र तब्येत सांभाळ.

तुझी ताई

१५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काय सुरेख वडी! गुलाब अगदी ताजा, कमी नाही, जास्त नाही. बाबांनी पाठ थोपटली असती. लिंबाचं म्हणशील तर घाईत हात सैल सुटला. नवीन घाण्यात कमी केलंय, तीही वडी पाठवतोय. सोमवारी नमुना द्यायचाय, तेवढं लगेच कळव.

घाईत आहे, गोड मानून घे.

बारक्या

१८ जुलै

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

त्या वडीत गुलाब नव्हता. थेंबसुद्धा नव्हता. शंका आली म्हणून मुद्दाम बिनवासाची केली, आणि तू मला खोटं पाडावंस म्हणून देव पाण्यात घालून बसले होते.

तुझं पत्र वाचून आधी रागावले, मग रडू आलं. म्हणून फोन टाळतोस होय? माझ्या एका 'काय रे' सरशी तू सगळं ओकला असतास. घरात गॅस उघडा राहिला तर तुला कळणार नाही, याचा तरी विचार केलास? आज तेल दुप्पट पडलं, उद्या कुणाच्या हाताला पुरळ उठेल. वडीवर बाबांचं नाव आहे.

डॉक्टर म्हणतात, या आजारात गेलेली वासाची जाणीव बहुतेकांना परत येते, कधी ते सांगता येत नाही. तोवर माझं नाक आहे. सिस्टरना सोमवारी खरं सांग. बस सुरू झाल्यात, बुधवारी पोचते.

रागाखाली काय आहे ते तुला ठाऊक आहे.

ताई

२० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. सिस्टरनी ऑर्डर निम्मी केली. उरलेली तू येऊन घाणा तपासलास की बघू, म्हणाल्या. कामगारांनाही सांगितलं. त्यांना आधीच कळलं होतं, माझं तोंड बघून गप्प बसले होते.

तुला लिहिलं नाही असं एक राहिलंय. बाबांचा शेवटचा सदरा मी धुतलेला नाही. रोज नाकाशी धरतो. काही कळत नाही. आलीस की तू एकदा हुंगून बघ, आणि त्यांचा वास गेला असला तरी मला खरं सांग.

वाट बघतोय, याहून जास्त काय लिहू.

तुझा,
बारक्या