व्हिडिओतला हात

प्रिय कल्पिता,

तू मला ब्लॉक केल्याला चौदा महिने झाले. पण कागदावर लिहितोय ते त्यामुळे नाही, कारण शेवटी सांगतो. तुझी मैत्रीण करिश्मा बोलली, पत्र पोचवेन, ती वाचेलच असं नाही. चालेल. आज सोमवार, सकाळचे नऊ वाजलेत. बापूस इस्त्रीचा शर्ट घालून घरात बसलाय. अकरा वाजता त्याला पोलीस ठाण्यात जबाब द्यायचाय, माझ्या चाकूंसाठी. मी ओट्यावर बसून दोन ओळी लिहितो, उठतो, शीळफाट्याकडे जाणाऱ्या गाड्या बघतो, परत बसतो. हातातलं पेन बटणाचं आहे. आई आतून दोनदा ओरडली, ते खटखट बंद कर.

तुला माझे सातही चाकू माहीत आहेत. पहिला उल्हासनगरच्या बाजारात घेतलेला, शिंगाच्या मुठीचा. बटण दाबलं की पातं आपोआप बाहेर. कॉलेज सोडल्यावर दिवस खायला उठायचा, तेव्हा मी एकेकाची स्प्रिंग काढून शिलाई मशीनचं तेल घालून परत बसवायचो. इंजिनीयरिंगच्या दोन वर्षांत एवढं लक्ष कशातच लागलं नव्हतं. तू तेव्हा लॉच्या पहिल्या वर्षाला. तलावपाळीवर बसून मला कायदा समजावलेलास, की नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असेल तर परवान्याची भानगड. माझं सगळ्यात मोठं साडेचार इंच, मी खूश. तू बोललीस, अरे शहाण्या, मोजपट्टीवर कायदा संपत नाही, बटणाच्या चाकूचं आधी कोणा वकिलाला विचार. आणि घरात ठेवणं वेगळं, खिशात घालून फिरणं वेगळं. सणासुदीला आयुक्तांचा मनाई आदेश असतो, त्यात इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू आली. मी साडेचार इंच तेवढे लक्षात ठेवले.

आमच्यात खंडेनवमीला हत्यारं पुजतात. आजोबांचं मिठागरावरचं फावडं, भातकापणीचे विळे, शेत गेल्यावर घेतलेला डंपर. बापूस सगळं धुऊन पाटावर मांडतो, डंपरला हार घालतो. यंदा मी बाजूला माझे सात मांडले. उघडे. प्रत्येकाला कुंकू, झेंडूचं फूल. फोटो स्टेटसला टाकला. तिथे थांबलो असतो तरी निभावलं असतं बहुतेक. संध्याकाळी एक खिशात घालून देवीच्या मंडपात गेलेलो. ढोलाच्या तालावर बटण दाबत व्हिडिओ काढला. त्यात फक्त हात दिसतो. तोही टाकला. खरं सांगू, तू बघशील म्हणून टाकला. तुला दिसणारच नाही हे माहीत असूनही.

दसऱ्याच्या सकाळी आई तोरण बांधत होती तेव्हा एक हवालदार आणि एक नवीन शिपाई आले. हवालदाराने मोबाईल पुढे धरला, हा हात कोणाचा? मी तोंड उघडायच्या आत बापूस बोलला, माझा. विमानतळावरच्या नोकरीसाठी माझं पोलीस व्हेरिफिकेशन व्हायचंय, तेच त्याच्या डोक्यात. हवालदाराने व्हिडिओतला हात बघितला, मग बापसाचा, फुटक्या नखांचा, डंपरचं स्टिअरिंग धरून काळा पडलेला. बापसाने तो पाठीमागे नेला. हवालदार बोलला, काका, मग एक उघडून दाखवा की. कल्पिता, त्याला बटण सापडेना. मुठीवर अंगठा फिरवतोय, उलटसुलट करून बघतोय, दुसऱ्याच्या घरातला रिमोट हातात आल्यासारखा. उघडला तेव्हा उलटा धरलेला, अंगठा कापला. हसून बोलला, जुनी हौस साहेब, सवय नाही राहिली. शिपाई हसला. हवालदार माझ्याकडे बघत राहिला. कोणी गाडीला कट मारला तरी उतरून कॉलर धरणारा मी, तेव्हा पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा होतो. पंचनामा करून सातही नेले आणि बापसाला आजची नोटीस दिली.

तू गेलीस ती मी कॉलेज सोडलं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलंय. गावात पटतं ते. मुलगी वकील होणार, हा डंपरवर बसणार. खोपटचा दिवस मी कोणाला सांगितला नाही. तुझ्या वर्गातला हर्षित खोपटच्या एसटी डेपोबाहेर तुला नोट्स द्यायला आलेला, एवढंच. मी रस्त्यापलीकडून बघितलं आणि डोकं फिरलं. खिशात चाकू होता. त्याला फक्त घाबरवायचं होतं, पातं उघडल्याचा आवाज ऐकवायचा होता. तू मध्ये हात घातलास. तळव्याला पाच टाके. डॉक्टरला सांगितलंस, नारळ फोडताना कोयता निसटला. घरीही तेच. हर्षितलाही गप्प बसवलंस. मग दवाखान्याच्या पायरीवर मला बोललीस, 'मी खोटं बोलले ते तुला वाचवायला नाही. मला तुझं तोंड परत बघायचं नाही, कोर्टातसुद्धा.' मी घरी येऊन तो चाकू धुतला, तेल घातलं, डब्यात ठेवला. यंदा पाटावर मधोमध तोच होता.

काल शेजारची गोदाकाकी आलेली. बापसाच्या अंगठ्याची पट्टी बघून तिने विचारलं, काय रे पोपट, काय लागलं? तो बोलला, नारळ फोडताना लागलं गो. मी जेवणावरून उठलो तो अजून नीट बसलेलो नाही. तर आता मी निघतो, त्याच्या आधी पोचायचंय. हात माझा, चाकू माझे, बापूस खोटं बोलतोय, हे सांगणार. नोकरी जाईल तर जाऊ दे. खोपटचं मात्र मी तिथे काढणार नाही. ते तू झाकलंस, उघडायचं की नाही तूच ठरव. पण उद्या, दहा वर्षांनी, कधीही तुला ते सांगावंसं वाटलं तर कोणी तुला खोटी ठरवू नये. म्हणून फोन नाही, मेसेज नाही, माझ्या अक्षरात लिहून देतोय. तुझ्या तळव्यावरची खूण माझ्या चाकूची आहे. खाली पूर्ण नाव घालून सही केलीय, तारीख मागच्या बाजूला आहे. फाडायचं असेल तर फाड. ठेवलंस तर तुझ्या लॉच्या पुस्तकांत ठेव.

हक्क खोपटलाच घालवला, तरी शेवटचं एकदा लिहितो,
तुझाच
संदेश पोपट केणे