चित्राचं नाव येळवस

अप्पा, पाया पडते, पण ते शिंतोडे न्हाईत. तुम्ही फोनवर माझं चित्र बघून "शिंतोडे" म्हणून हसलाव आणि फोन आईकडं दिलाव, म्हणून लिहायले.

मी बरी हाय. जर्मनीत थंडी लई, पर खोलीत हीटर हाय, भाकरी थापून खाते. खोकला जरासा हाय, आईला सांगू नका.

आता ऐका. कॅनव्हास जमिनीवर अंथरून मी ब्रशनं रंग उडवायले होते, सगळा एकाच जागी पडायचा. मग येळवसीच्या अवसेला पूजा झाल्यावर तुम्ही रानात आंबील कशी शिंपडता ते आठवलं. गवताची पेंडी रंगात बुडवली आणि कडेकडेनं चालत शिंपडत गेले.

आमचे चित्रकलेचे सर म्हणले, "हे आमच्याकडं सत्तर वर्षांमागंच झालंय."

मी म्हणलं, "आमचे अप्पा दरसाल करतात, आणि थेंब कुठं पडला ते वळून बघत न्हाईत."

 मग सरांनीबी बूट काढून माझ्यामागं फेरा मारला. शिंपडताना तुम्ही म्हणता तसं "ओलगे ओलगे" म्हणायला लावलं तर तेबी म्हणले.

खालचा करडा रंग सरांनी शिकवला, वरचं चालणं तुमचं हाय. म्हणून नाव 'येळवस' दिलंय. देवाधर्माचं भिंतीवर कामून टांगायलीस म्हणून रागवाल, ठाव हाय. पर नावाची पाटी छापून झाली, उद्या प्रदर्शन हाय.

ज्वारी कंबरेला लागली का? पूजेची कडब्याची कोप बांधायला शेजारचा व्यंकट येणार का? यंदा मी न्हाई, तर आंबील शिंपडताना माझ्या वाटणीचा एक फेरा जास्त मारा.

बस आली, निघते.

तुमची मंजू