बटणांचा शर्ट

३ मार्च, सोमवार

माऊच्या कपाटात एकही बटण नाही!

आज सगळं बाहेर काढून पलंगावर मांडलं. सात फ्रॉक. डोक्यातून घालायचे सैल टॉप. इलॅस्टिकचे पायजमे. खिशांवर ससे, फुलपाखरं. सगळं माझ्या हातचं, माझ्याच मशीनवरचं. एकतीस वर्षांच्या बाईचं कपाट आहे हे, असं कोण म्हणेल?

इंटरव्ह्यूला अठरा दिवस. हॉस्पिटलची लाँड्री. धुऊन आलेल्या चादरी-टॉवेलांच्या घड्या घालायचं काम. माऊ रोज जाते त्या विशेष मुलांच्या केंद्रातल्या ताईंनी तिचं नाव देऊन टाकलं. मला न विचारता! वर मलाच म्हणाल्या, "मोठ्या माणसासारखी येऊ दे हं. सशांचे फ्रॉक नकोत."

असा राग आला! तणतणत घरी आले. मग कपाट उघडलं.

४ मार्च, मंगळवार

मुलाचा फोन. "आई, हे काय नवीन खूळ? ती सुखात आहे की." इतक्या लांबून सगळ्यांचं सुख बरं दिसतं याला.

त्याला बाथरूमचं सांगितलेलंच नाही. कुणालाच नाही. इथे लिहिते.

मागच्या महिन्यात पाय घसरून पडले. कंबरेत अशी कळ, की उठता येईना. दाराला आतून कडी. माऊ दाराबाहेर बसून राहिली. दीड तास. मधून मधून नुसतं, "आई, झालं का?" मी ओरडले, शेजारच्या काकूंना बोलाव. तर म्हणाली, "एकटीने बाहेरचं दार उघडायचं नाही. तूच सांगितलंयस."

खरंच होतं. मीच सांगितलं होतं— वीस वर्षं, रोज. शेवटी सरपटत जाऊन कडी काढली. कंबर आता बरी आहे. तो दीड तास काही डोक्यातून जात नाही.

त्या दिवशी मी नसतेच उठले तर?

६ मार्च, गुरुवार

टेलरकडे जाऊन आलो. रेडीमेड तिला काही होत नाही— उंची कमी, खांदे रुंद, मान आखूड. टेलर टेप तिच्या गळ्याभोवती धरून मलाच विचारतात, "हिला कॉलर कशी ठेवू?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात माऊ— "माझा शर्ट आहे. मला विचारा."

टेलर गोरेमोरे झाले. मीही. मग ते टेप खाली ठेवून म्हणाले, "बोला मॅडम."

मॅडम! घरी येईपर्यंत दहा वेळा तरी तिचं म्हणून झालं. कापड तिनेच निवडलं. करडं. मला वाटलं होतं, गुलाबीवर झडप घालणार. एकतीस वर्षं गुलाबी कुणाला आवडत होतं मग?

निघताना टेलर हळूच मला म्हणाले, "आतून वेल्क्रो लावतो, वरून नुसती दिसायला बटणं. कुणाच्या लक्षात येणार नाही." मी हो म्हणणारच होते. माऊचे कान भारी तिखट! "खरी लावा," म्हणाली.

१० मार्च, सोमवार

शर्ट आला. सात बटणं.

पंचवीस मिनिटं लागली. जीभ बाहेर काढून, मान खाली घालून एकेक बटण पकडत होती. निसटत होतं. पुन्हा पकडत होती. शेवटी वर एक बटण उरलं आणि त्याला काज नाही— सगळा शर्ट एक घर वर चढलेला. तिने पाहिलं, "चुकलं," म्हणाली आणि सगळी काढायला घेतली. रडली नाही. स्वयंपाकघरात जाऊन मी रडले.

ती दोन वर्षांची होती तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, सात-आठ वर्षांच्या मुलीच्या पुढे काही ही जाणार नाही. मी तेच धरून बसले. पण इथे तरी खरं लिहावं. शाळेच्या ऑफिसात मला साडेनऊला सही करायची असायची. इलॅस्टिक दोन सेकंदांत वर जातं. हे गेल्यावर तर घरात दुसरे हातच नव्हते. तिला बटणं जमत नव्हती, असं नाही. मी कधी थांबलेच नाही.

डॉक्टरांना वाटेल ते बोलले आजवर. हे मात्र माझं.

११ मार्च

बावीस मिनिटं.

१२ मार्च

आजही बावीसच. मला राहवेना, हात पुढे केला— तर हातावर चापट मारली! चांगली सणसणीत. बरं झालं.

१५ मार्च, शनिवार

प्रश्नोत्तरांची तालीम. मी खुर्चीत साहेब होऊन बसले, चष्मा नाकावर.

"नाव काय?"

"माऊ."

"अगं, खरं नाव!" मग सांगितलं— आडनावासकट, माझ्याकडे न बघता.

"तुम्हाला हे काम का हवंय?"

"मला घड्या आवडतात."

"असं नाही म्हणायचं. म्हण, मला मेहनत करायला आवडते."

"पण मला घड्या आवडतात."

"माऊ, साहेबांना असं—"

"तू साहेब नाहीयेस. तू आई आहेस."

तालीम संपली! मग रागारागाने मी दोरीवरची चादर काढून घडी घालायला घेतली, तर तिने ती माझ्या हातातून ओढून घेतली. "वाकडी आहे तुझी." टोकाला टोक, कडेला कड, तळहाताने एकदाच सपाट. खरंच माझी वाकडी होती.

१७ मार्च

केस कापून आलो. दोन वेण्या गेल्या. मानेपर्यंतचे सरळ केस, एका बाजूला पिन. आरशात खूप वेळ बघत बसली. मीही बघितलं. मागून माझ्या धाकट्या बहिणीसारखी दिसली. एक मोठी बाई माझ्या घरात उभी होती आणि माझी तिची नीट ओळखही नव्हती.

१८ मार्च

पंधरा मिनिटं. काळी पँटही आली. चेन तिला दोन दिवसांत जमली, बटणांपेक्षा सोपी म्हणे. बूट मात्र नाडीचे नाही घेतले. एवढ्यात सगळं नको.

२० मार्च, गुरुवार

उद्या.

अकरा मिनिटं! शर्टाला इस्त्री मी केली, ती शेजारी उभी राहून, "इथे राहिलं, तिथे राहिलं." खुर्चीच्या पाठीवर शर्ट अडकवलाय. कॉलर अशी ताठ, की जणू खुर्चीवर कोणी बसलंय.

नाही झालं तर तिला काय सांगायचं, ते ठरवून ठेवलंय. झालं तर मी काय करायचं, ते काही सुचत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

सगळं आठवतंय तसं लिहिते.

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला लाँड्री. वाफेचा वास, मशीनची घरघर, चाकांच्या गाड्यांवर ओल्या चादरींचे डोंगर. बाकावर आमच्याशिवाय अजून चार जण. सगळे धडधाकट, तरुण. माऊकडे एकदा बघायचे आणि मग जमिनीकडे.

आणि माझ्या लक्षात आलं. घाईत तिसरं बटण चौथ्या काजात! एक बाजू वर, एक खाली. कॉलर कानाशी. माझा हात उचललाच गेला. मांडीखाली दाबून ठेवला.

तिने स्वतःच खाली पाहिलं. "चुकलं."

आणि तिथे, सगळ्यांसमोर, सोडायला सुरुवात केली. आत बनियन होता, नशीब! मी पुटपुटले, "माऊ, राहू दे, कोणी बघत नाही." सगळेच बघत होते. तिने ऐकलंच नाही. जीभ बाहेर, मान खाली. एक. दोन. तीन.

दार उघडलं. सुपरवायझरबाई. उंच, कपाळावर आठ्या. त्यांनी नाव पुकारलं— तिचं खरं नाव.

माऊने मान वर केली नाही. "थांबा. दोन राहिलीत."

संपलं, मला वाटलं. बाकावरचा एक जण हसला. सुपरवायझरबाई मात्र दाराला टेकून, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. थांबल्या. दोन्ही बटणं होईपर्यंत थांबल्या! मी कधी थांबले होते अशी?

मग माऊ उठली, शर्ट खाली ओढला, आत गेली. मी मागे निघाले तर सुपरवायझरबाई म्हणाल्या, "आई, तुम्ही इथेच बसा."

पंचवीस मिनिटं. बाहेर आली ती घामाघूम, पण शर्ट जागच्या जागी.

बाहेर पडल्यावर म्हटलं, "काय काय विचारलं?"

"चादरी दिल्या. घड्या घातल्या."

"आणि?"

"घरी कोण आहे. मी म्हटलं, आई."

"आणि?"

"आई काय करते. मी म्हटलं, काही नाही. म्हातारी झाली. मी सांभाळते तिला."

मी हसत सुटले. रस्त्यात थांबून हसले. मग खांबाला धरून उभं राहावं लागलं.

२२ मार्च

फोन नाही.

२४ मार्च

फोन नाही. माऊ रोज सकाळी शर्ट घालून तयार. "अजून बोलावलं नाही गं," म्हटलं की, "बोलावतील," म्हणते आणि काढून खुर्चीला लावते. नऊ मिनिटं लागतात आता.

२७ मार्च, गुरुवार

घेतलं!!

सुपरवायझरबाईंचा स्वतःचा फोन. एक तारखेपासून. आधी तीन महिने शिकाऊ. पहिले दोन आठवडे केंद्रातल्या ताई सोबत जातील, पुढे एकटी. "ज्या मुलीला काम अर्धवट सोडून पुढे जाता येत नाही, तीच मला घड्यांवर हवी," म्हणाल्या. आणि एक अट— आईने गेटपर्यंत यायचं नाही.

मुलाला कळवलं. म्हणाला, "आई, तिला फोन दे." दोघं काय बोलले माहीत नाही. तिने आतल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं.

१ एप्रिल, मंगळवार

गेली. खिडकीतून वळणापर्यंत पाहिलं. मागे वळून बघितलं नाही.

घरात दिवसभर किती शांत असतं ते मला ठाऊकच नव्हतं.

१६ एप्रिल, बुधवार

आज पहिल्यांदा एकटी. जाताना दार तिनेच उघडलं, तिनेच ओढून घेतलं. मी साडेपाचपासून दारातच. सहाला आली. बसमध्ये एक बाई तिला "तुमचा स्टॉप आला" म्हणाल्या, तर ही म्हणे, "मला माहितीय." तोंड वाकडं करून सांगत होती.

४ मे, रविवार

केंद्राचा एक फ्लॅट आहे. लाँड्रीत काम करणाऱ्या तिच्यासारख्या तिघी तिथे राहतात, देखरेखीला एक मावशी. एक पलंग रिकामा झालाय. माऊ म्हणाली, "मी जाणार आहे. ताईंना सांगितलंय."

विचारलं नाही. सांगितलं.

माझ्यामागे हिचं कसं होणार, या घोरात एकतीस वर्षं काढली. आज मी पुढ्यात बसलेली असतानाच तिने बॅग काढली. मी म्हटलं, "एकटीला भीती वाटली तर?"

ती कपडे भरता भरता थांबली. माझ्याकडे नीट बघितलं.

"मग मला फोन कर."