चार पावले आणि भोकाचा मोजा

ती. अक्कास शि. सा. नमस्कार. (हा नमस्कार कागदावरच मान्य करून घे. सध्या मी वाकलो तर मला उठवायला दोन माणसे लागतात. का ते पुढे येईलच.)

पत्राला सात आठवडे उशीर झाला, त्याबद्दल आधी कान पकडतो. तुझी तब्येत कशी आहे, जिना चढताना गुडघा अजून वाजतो का, डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस का, झोपण्याआधी दाराची कडी दोनदा बघतेस ना, हे सगळे विचारायचे होते. विचारले नाही म्हणजे काळजी नव्हती असे समजू नकोस. काळजी रोज करत होतो, फक्त लिहीत नव्हतो.

मागच्या पत्रात तू लिहिले होतेस, की भावोजी गेल्यापासून एवढ्या घरात एकटीला करमत नाही, तेव्हा कायमची तुझ्याकडे येऊ की धाकट्या भावाकडे जाऊ. धाकट्याच्या इमारतीला लिफ्ट आहे. आमच्याकडे चार मजले आणि अठ्ठ्याहत्तर पायऱ्या. (मोजल्या आहेत. त्याचेही कारण आहे.) ‘मला वर कोण चढवणार?’ एवढे विचारून तू खाली रेघ मारली होतीस. त्यावर उलट टपाली ‘मी’ असे लिहायला हवे होते. पण लिहिणार तेवढ्यात माझाच पाय गेला. आता ज्याला लोक धरून वर नेतात त्याने बहिणीला कुठल्या तोंडाने बोलवावे? वाटले, तुला कळले की तू मुकाट्याने धाकट्याकडे सामान हलवशील. म्हणून गप्प बसलो. महिनाअखेरीला तू काय ते ठरवणार आहेस हे आठवले आणि आज लेखणी उचलली.

तर, पडलो तिसऱ्या मजल्याच्या वळणावर. पायरी ओली होती. (जिना पुसणाऱ्या बाई फडके नीट पिळत नाहीत, हे मी दोन वर्षे सांगतो आहे.) डावे पाऊल आत मुडपले आणि काहीतरी कडकन वाजले. मला वाटले कठडा मोडला. म्हणून मी आधी कठडा तपासला, तो शाबूत निघाला, आणि मग घाम फुटला.

अक्का, पाय एकाचा दुखतो आणि डॉक्टर सगळेच होतात. चिरंजीव म्हणाला, मुरगळलाय. सूनबाई म्हणाली, शिरेवर शीर चढली आहे. समोरचा न्हावी, ज्याला केस सोडून सगळ्यातले कळते, त्याने गरम पाण्याने शेकला आणि वर अर्धा तास रगडून दिला. सकाळी आठ नंबरचा पाय अकरा नंबरचा झाला होता. रंग असा जांभळा, की तसा आमच्या बुटांच्या दुकानात फक्त बायकांच्या सँडलींना यायचा. मी मनातल्या मनात पाय कापूनही टाकला, कुबड्या कुठे ठेवायच्या तेही ठरवले, आणि मग सूनबाईने रिक्षा बोलावली.

दवाखान्यात जे झाले ते तुला म्हणून सांगतो. तुला ठाऊक आहे, मी बेचाळीस वर्षे लोकांच्या पायाशी बसून बूट विकले. शिक्षण पाचवीत सुटले, पण पायाची परीक्षा मला कोणी शिकवू नये. त्यात एक गोष्ट मी अशी पाहिली, की गिऱ्हाईक बाकावर बसले की ज्या पायाचा मोजा धड असेल तोच पाय पुढे करते. मग तो बूट दुसऱ्या पायाला चावेना का. आम्ही नोकर मंडळी खोक्यांच्या मागे जाऊन हसायचो. आता मी डॉक्टरांच्या बाकावर बसलो होतो. डाव्या मोज्याला आधीच भोक, त्यात पाय सुजलेला, म्हणून भोक ताणून बशीएवढे झालेले आणि अंगठा बाहेर येऊन दवाखाना बघतोय. बाकावर शेजारी दोन बऱ्या घरच्या बायका. डॉक्टर काहीतरी लिहीत होते. मान खाली ठेवूनच ते म्हणाले, पाय वर ठेवा. मी ठेवला. उजवा.

त्यांनी घोट्याची दोन्ही हाडे मागून दाबली, टाच दाबली, करंगळीच्या बाजूची कड दाबली, पोटरी चेपली. दुखते का? नाही. इथे? नाही. खरे सांगतो, प्रत्येक ‘नाही’ला मला इतके बरे वाटत गेले, की पाय चुकीचा आहे हे मीही विसरलो. मग ते म्हणाले, चार पावले चालून दाखवा. दुसऱ्याच पावलाला मी औषधांच्या कपाटाला मिठी मारली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. सूज नाही, दुखत नाही, आणि चालता तर येत नाही. नसेचे असेल, पाठीचे असेल, किंवा (हे त्यांनी बाहेर थांबलेल्या सूनबाईला हळूच सांगितले) मनाचे असेल. आणि मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. तेव्हाच बोलायला हवे होते. पण इतका वेळ दाबून घेतल्यावर ‘हा पाय नव्हे’ कसे सांगायचे? भला माणूस आहे, त्याला वाईट वाटले असते.

इस्पितळात चिठ्ठीप्रमाणे उजव्या पायाचा फोटो निघाला. फोटोवाला म्हणाला, काका, हाडे तिशीतली आहेत. मला इतका आनंद झाला की मी त्याच्याकडे जादा प्रत मागितली. मग हाडांच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेले. सूनबाईच्या वयाच्या असतील. त्यांनी फोटो उजेडाला धरला, मला बघितले, पुन्हा फोटो बघितला.

“आजोबा, हा पाय माझ्या पायापेक्षा चांगला आहे. मग लंगडता का?”

“लंगडतो तो दुसरा,” मी म्हणालो.

“दुसरा कुठे आहे?”

“बाकाखाली.”

सूनबाईने कपाळाला हात लावला. बाईंनी फोटो खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, “मोजे काढा. दोन्ही.”

हसल्या नाहीत, हे त्यांचे मोठेपण. एका बोटाने चाचपत चाचपत त्या घोट्यावरून खाली आल्या आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीचे लांब हाड जिथे सुरू होते तिथे टेकल्या. मी आईला अशी हाक मारली, की बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. दुसरा फोटो काढला. त्या हाडाच्या मुळाशी केसासारखी चीर. पाऊल आत मुडपले की तिथला स्नायूचा दोर हाडाला हिसका देतो, म्हणे, आणि बहुतेक वेळा घोटाच बदनाम होतो. ऑपरेशन नको, बूट घाला, सहा आठवड्यांत सांधेल. शेकायचे नव्हते, रगडायचे तर मुळीच नव्हते. (न्हाव्याला सांगितले. तो म्हणाला, म्हणूनच लवकर कळले ना.) बर्फ फडक्यात गुंडाळून लावायचा, पाय उश्यांवर छातीच्या वर ठेवायचा, आणि पोटरी सुजली-दुखली किंवा दम लागला तर तडक यायचे. तेव्हापासून मी दिवसातून दहा वेळा पोटरीची विचारपूस करतो. दोन्ही पोटऱ्यांची. आता मी कुठल्याच पायावर विश्वास ठेवत नाही.

तो बूट तू बघायलाच हवा. गुडघ्याखालपर्यंत उंच, करडा, पाच पट्टे, तळवा होडीसारखा. शिवण यथातथा, अंगठ्यापाशी दोन बोटे जास्त जागा. मी तसे सांगितलेही. पण सगळ्यात कमाल म्हणजे ते लोक एकच बूट देतात. अक्का, बेचाळीस वर्षांत मला एकटा बूट कुणाला देता आला नाही, आणि इथे लोक रांग लावून नेतात.

आता खरी गंमत. त्या दिवशी मला खुर्चीत बसवून वर न्यायचे ठरले. एका बाजूला चिरंजीव, दुसऱ्या बाजूला तळमजल्यावरचे ट्रंपेटमास्तर. (मुलांना ट्रंपेट वाजवायला शिकवतात. सगळी इमारत त्यांना दहा वर्षे मनातल्या मनात हाकलून देते आहे.) दुसऱ्या मजल्यावर चिरंजीव धापा टाकायला लागला. मास्तरांचा श्वाससुद्धा चढला नाही, फुंकून फुंकून छाती ही अशी झालेली. ते मला म्हणाले, काका, तुम्हाला सहा आठवडे जिना नको आणि मला डोक्यावर कोणी काठी आपटायला नको. मी वर जातो, तुम्ही खाली या. अक्का, मी हवेत तरंगत होतो. त्या अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतो. दोन दिवसांत सामान अदलाबदल झाले. आता ट्रंपेट पक्ष्यांना ऐकू जाते, पहिल्या मजल्यावरचे मास्तरांना प्रथमच ‘कसे आहात’ विचारतात, आणि हे पत्र मी तळमजल्याच्या खिडकीत बसून लिहितो आहे. येणारेजाणारे मला पायाचे विचारतात आणि मी प्रत्येकाला सुरुवातीपासून सांगतो. मजेत आहे. बूट सुटायला दोन आठवडे उरलेत.

सूनबाईचा आणि चिरंजीवाचा तुला नमस्कार. कळावे.

तुझा भाऊ

ता. क. वर पायरी ओली होती असे लिहिले, ते खरे नाही. पायरी कोरडी ठाक होती, जिना पुसणाऱ्या बाईंची माफी मागितली आहे. झाले असे, की तुला ‘मी’ लिहिण्याआधी म्हटले जमते का ते बघावे. जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत दुकानातले पायाचे लाकडी साचे भरले, तुझ्या ट्रंकेच्या अंदाजाने, आणि दुपारी सगळे झोपले की ती घेऊन खाली-वर करत होतो. दुसरा हात मोकळा ठेवायचो, त्यात तुझा हात असणार म्हणून. आठ दिवस जमले. नवव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर तुला म्हणालो, दम खा. आणि मागे वळून बघायला गेलो. हे सूनबाईला सांगू नकोस.

ता. क. २. मास्तर म्हणतात, अदलाबदल कायमची करायची असेल तर महिनाअखेरीच्या आत सांगा, मालकाला कळवायचे आहे. मी सांगितले, बहीण आली तरच. तेव्हा आता सगळे तुझ्यावर आहे. दाराला एक पायरी आहे, ती चिरंजीव काढून उतार करणार आहे. खिडकीजवळची खाट मी तुझ्यासाठी सोडली आहे. (बसतो फक्त.) धाकट्याकडे लिफ्ट आहे हे खरे. पण वर जाऊन बोलायचे कुणाशी?

ता. क. ३. येताना मला लोकरीचे मोजे विणून आण. जोडीतले दोन्ही धड असू देत.

ता. क. ४. उत्तर लगेच टाक, एक शब्द पुरे. टपालपेटी आता दारापासून बरोबर चार पावलांवर आहे. पहिल्या डॉक्टरांची चाचणी मी रोज सकाळ-संध्याकाळ तिथेच देतो. जातानाची चार पावले मुळीच दुखत नाहीत. पेटी रिकामी निघाली की येतानाची दुखतात.